टाका उसवता आला पाहिजे

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि इथे कोल्हापुरात चप्पल लाईनपासून गंगावेशीपर्यंत कितीतरी दिवस दुसरा विषयच नव्हता. नाव का घेतलं नाही, श्रेय कुणाचं, लाखाच्या घरातली किंमत कुणाच्या खिशात जाणार, असे सगळे प्रश्न विचारून झाले आणि ते रास्तच होते. कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांच्या नावावर आहे. पुढे कंपनीने प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करारही झाला. चांगलं झालं. पण त्या सगळ्या गदारोळात मी एका प्रश्नाची वाट बघत होते आणि तो शेवटपर्यंत कुणी विचारला नाही. ती चप्पल किती वर्षं जाणार, आणि तुटली तर ती कोण शिवणार?

मला हा प्रश्न फॅशनच्या जगातला सर्वांत मोठा वाटतो. कपडा किंवा चप्पल पर्यावरणाला किती महागात पडते याचा विचार आपण बहुधा दोन टोकांना करतो. एका टोकाला कच्चा माल: सेंद्रिय कापूस आहे का, चामडं आहे का. दुसऱ्या टोकाला कचरा: रिसायकल होतं का. मधली सगळी वर्षं, वस्तू आपल्या अंगावर आणि पायात असण्याची वर्षं, हिशेबातून सुटतात. एलेन मॅकार्थर फाउंडेशनने 2017 च्या अहवालात मांडलं होतं की त्याआधीच्या पंधरा वर्षांत जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळजवळ दुप्पट झालं आणि एक कपडा टाकून देण्याआधी जितक्या वेळा वापरला जातो ते प्रमाण साधारण 36 टक्क्यांनी घसरलं. उलट बाजूने ब्रिटनमधल्या रॅप या संस्थेचा हिशेब असा की कपडा नेहमीपेक्षा नऊ महिने जास्त वापरला, तर त्याचा कार्बनचा, पाण्याचा आणि कचऱ्याचा भार प्रत्येकी 20 ते 30 टक्क्यांनी हलका होतो. नवीन तंत्रज्ञान नाही, नवीन कारखाना नाही. फक्त नऊ महिने जास्त.

मग वस्तू जास्त दिवस जायला काय लागतं? याचं उत्तर मला कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या एका घराच्या सोप्यात मिळालं. तिथे एक वयस्क कारागीर बसतात. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. पुढ्यात दगड, हाताशी चामडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, हातोडी, आणि बाजूला भिजवून मऊ केलेल्या चामड्याच्या वाद्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. मी गेले तेव्हा एका गिऱ्हाइकाचा जुना जोड त्यांच्या हातात होता. टाच एका बाजूने पार झिजलेली, अंगठा तुटलेला, वरचा तळ पायाच्या घामाने काळा पडून पायाचाच ठसा घेतलेला.

"ह्यो जोड माझाच हाय," मामा म्हणाले. "टाका बघून वळखतो."

त्यांनी टाचेपाशी रापीच्या टोकाने एक वादी तोडली आणि हलक्या हाताने ओढत नेली. टाका एकेक करून सुटत गेला. थोड्याच वेळात चप्पल त्यांच्यासमोर सुट्या भागांत पडलेली होती: खालचा तळ, वरचा तळ, टाचेचे थर, दोन्ही बाजूंचे कान, पट्टा, अंगठा. कुठे खिळा नव्हता, कुठे काही फाटलं नव्हतं. वरच्या तळाला त्यांनी बोटाने दाबून पाहिलं, कडेचं चामडं चिमटीत धरून वाकवलं, आणि तो बाजूला ठेवला. तो पुन्हा लागणार होता. कानही चांगले होते. झिजलेली टाच मात्र त्यांनी काढून पत्र्याच्या डब्यात टाकली. मी विचारलं, ही फेकणार का? "फेकायची कशाला? कडंचं घासलंय, मधलं अजून घट्ट हाय. बारक्या जोडाच्या टाचंत थर म्हणून जातंय." नवी टाच कापली, जुन्याच भोकांतून आरी फिरवून ती मोकळी केली, कान दोन तळांच्या मध्ये बसवले आणि ओली वादी ओढून टाका घालायला घेतला. ओली वादी वाळली की आवळते आणि टाका आणखी घट्ट होतो. एवढ्या एका गोष्टीत किती पिढ्यांचं पाहिलेलं-अनुभवलेलं आहे, असं मला ते बघताना वाटत राहिलं.

त्याच बैठकीत एक कॉलेजचा मुलगा स्पोर्ट्स शूज घेऊन आला. वरून बूट नवाकोरा दिसत होता. तळ मात्र सुटून लोंबत होता आणि आतला फोम बोट लावलं तरी भुग्यासारखा पडत होता. मामांनी तो उलटापालटा करून पाहिला. "चिकटवून देतो बाळा, पण टिकणार न्हाई. ह्याला धरायलाच काय न्हाई. चिकटवलेलं उसवत नसतंय, ते फाटतंय." मुलाने बूट परत पिशवीत घातले. ते घरी गेले असतील की कोपऱ्यावरच्या कचऱ्यात, सांगता येत नाही.

भुगा का होतो याचं कारण साधं आहे. अशा बऱ्याच बुटांच्या तळात पॉलियुरेथेन नावाचं प्लास्टिक असतं आणि हवेतल्या दमटपणाने त्याच्या रेणूंची साखळी हळूहळू तुटत जाते, बूट न वापरता कपाटात ठेवला तरी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर ही क्रिया जोरात चालते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2013 साली एका साध्या धावण्याच्या बुटाचा अभ्यास केला होता. एका जोडात 65 सुटे भाग, ते तयार करून जोडायला 360 हून जास्त प्रक्रिया, आणि जोडामागे सुमारे 14 किलो कार्बन डायऑक्साईड. यातला दोन तृतीयांश भार कारखान्यात तयार होताना पडतो. म्हणजे बूट दुकानात येईपर्यंत त्याचं बहुतेक नुकसान करून झालेलं असतं. ते नुकसान वसूल करायचं तर बूट जितका जास्त वापरता येईल तितका वापरणं हा एकच मार्ग उरतो, आणि नेमका तोच मार्ग गोंद लावताना बंद केलेला असतो. वस्तूचं आयुष्य ठरतं ते तिथे, बनवणाऱ्याच्या दगडावर किंवा कारखान्याच्या पट्ट्यावर. नंतर आपण कितीही जपून वापरली तरी जे उघडता येत नाही ते दुरुस्त करता येत नाही.

आता मी कोल्हापुरीचे गोडवे गाऊन थांबले तर तो अर्धा हिशेब होईल. चामडं निर्दोष नाही. त्यामागे जनावर आहे, त्याचा चारा आहे, पाणी आहे, आणि कातडं कमावण्याचं काम तर जगात कुठेही स्वच्छ नसतं. आमच्या भागातली जुनी रीत अशी: मीठ लावलेलं कातडं धुवायचं, चुन्याच्या पाण्यात ठेवायचं, केस सैल झाले की खरवडायचे, आतलं मांस काढायचं, पुन्हा पुन्हा धुवायचं. मग बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या काढ्यात घालायचं. शेवटी कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात साल आणि हिरडा भरायचा, वरून काढा ओतत ती टांगून ठेवायची. काढा झिरपत झिरपत कातड्याच्या आरपार जातो. एक बाजू झाली की पिशवी उलटी करून पुन्हा टांगायची. या सगळ्याला आठवडे जातात. बाभूळ शेताच्या बांधावरची, हिरडा सह्याद्रीच्या रानातला. विषारी म्हणावं असं यात फार थोडं. पण चुन्याचं पाणी, केस, मांसाचे तुकडे आणि तो वास हे सगळं होतंच, आणि ते कुणाच्या वाट्याला आलं हे सांगितल्याशिवाय "पारंपरिक, पर्यावरणस्नेही" हे शब्द वापरू नयेत असं माझं मत आहे. कातडं कमावलं ढोर समाजाने, चप्पल शिवली चर्मकार समाजाने, आणि गावाने चप्पल पायात घालून त्यांना गावाबाहेर ठेवलं. शाहू महाराजांच्या काळात या धंद्याला राजाश्रय मिळाला, माणसांना मान मिळावा म्हणून महाराजांनी कायदे केले, पण हात कुजवणारं काम त्याच हातांत राहिलं. नदी स्वच्छ राहिली की नाही एवढंच मोजायचं आणि चुन्याच्या कुंडात उभ्या माणसाची कातडी मोजायचीच नाही, हे कुठलं शाश्वत?

दुसऱ्या बाजूला क्रोम आहे. आज जगातलं 80 टक्के किंवा त्याहून जास्त चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं जातं, कारण ते काम आठवड्यांऐवजी एखाद-दुसऱ्या दिवसात होतं, चामडं मऊ येतं आणि रंग चांगला धरतं. क्रोमियम चामड्यात असताना फारसं त्रासदायक नसतं, पण कारखान्याच्या गाळात आणि पाण्यात ते साठत जातं, आणि काही परिस्थितीत, चामडं जाळलं तर विशेषच, त्याचं घातक षट्संयुजी रूप तयार होऊ शकतं. युरोपात 2015 पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत या रूपाचं प्रमाण किलोमागे 3 मिलिग्रॅमच्या खाली असावं लागतं. कचऱ्याच्या ढिगाला आग लागते तेव्हा कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावर, म्हणजे शहराच्या कचरा डेपोवर, काय काय जळत असेल, हा विचार माझ्या मनात या आकड्यामुळे आला. तिथे जाणाऱ्या कचऱ्यात चपला-बूट वेगळे काढण्याची सोय नाही; तळाचा फोम, रेक्झिन, बक्कल, चामडं सगळं एकत्र.

साल-हिरड्यावर कमावलेलं चामडंही आता कोल्हापुरात पूर्वीसारखं मिळत नाही. इथले टॅनर कमी झाले. 2015 मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाल्यावर बैलाचं कातडं आटलं आणि सगळी भिस्त म्हशीच्या कातड्यावर आली. बरंचसं चामडं तामिळनाडूकडून येतं. मामा ते हातात घेऊन वास घेतात, कडेला नखाने दाबून बघतात. "माल चांगला हाय, पर भाव बघा की," एवढंच म्हणतात. बाजारात यावर उपाय निघाला तो पुठ्ठ्याचा. वर चामड्याचा पातळ पापुद्रा, खाली रबर, मध्ये पुठ्ठा, बाजूने दिखाव्याचा टाका. महाद्वार रोडला देवीदर्शनाला आलेला माणूस "कोल्हापुरी" म्हणून घेऊन जातो, पहिल्या पावसात पुठ्ठा फुगतो, आणि बदनाम होते ती कोल्हापुरी. या खोट्या चपलेने मानांकनाचं जे नुकसान केलं त्यापेक्षा मोठं नुकसान मला वेगळं दिसतं: चप्पल दुरुस्त करायची असते ही लोकांची सवयच तिने मोडली. जिच्यात उघडण्यासारखं काही नाही ती घेऊन कारागिराकडे कोण जाणार?

खऱ्या चपलेचंही पथ्य असतं. नवा जोड चावतो, त्याला तेल पाजावं लागतं, पहिले काही दिवस घरात वागवावा लागतो. पाऊस लागला की तो कोरडा करून, तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून वर ठेवायचा. घराघरात हे म्हातारी माणसं करायची. 2019 च्या महापुरात कितीतरी घरांत पाणी शिरलं तेव्हा चपलाही गेल्या; चिखलातून काढलेले जोड उन्हात कडक होऊन तडकले. मामांनी त्यातले काही तेलात ठेवून परत आणले, काही नाही आले. चामड्याला पाणी सोसत नाही हे खरंच आहे आणि म्हणून पावसाळ्यात माणूस प्लास्टिकची घालणार, त्यात गैर काही नाही. वर्षभर तीच घालतो तेव्हा प्रश्न येतो.

कापडाची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तिथे नदी मध्ये येते. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे शंभर वर्षांत गावाचं शहर झालं. मागाचा खडखडाट आपल्याला ऐकू येतो म्हणून प्रदूषण म्हणजे तोच असं वाटतं, पण विणणं हा त्यातला बऱ्यापैकी कोरडा भाग. ओला भाग आधी आणि नंतर असतो. ताण्याचं सूत मागावर तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला खळ देतात. कापड विणून झालं की तीच खळ धुऊन काढावी लागते, आणि ती ज्या पाण्यात जाते त्या पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मग ब्लीचिंग, मग रंग. सुती कापडावर घातलेला सगळा रंग कापडाला धरत नाही. बराचसा मिठासकट पाण्यातून बाहेर पडतो. प्रक्रिया केंद्रं आहेत, नियम आहेत, तरी पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचे खच पडल्याच्या बातम्या आम्ही पुन्हा पुन्हा वाचतो. सगळा दोष कापडाचा नाही. शहरांचं मैलापाणी आणि कारखान्यांचं पाणीही त्याच पंचगंगेत येतं आणि खाली नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळतं. पण कापडाचा वाटा आहे, आणि तो वाटा शिरोळ तालुक्यातली माणसं पितात. एका सुती टी-शर्टमागे कापसाच्या शेतापासून साधारण 2,700 लिटर पाणी धरलं जातं. तो टी-शर्ट दोनशे वेळा घातला की त्या पाण्याचं काहीतरी चीज झालं. सात-आठ वेळा घालून टाकला, तर त्या 2,700 लिटरचं आणि तेरवाडच्या माशांचं काय उत्तर द्यायचं?

त्याच इचलकरंजीतलं एक काम मात्र मला मनापासून आवडतं. मागावर, सायझिंगला जे सूत वाया जातं ते गोळा करून विकलं जातं आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात येतं. तिथे लेथवर काम करणाऱ्याच्या हातात तेलाने काळा झालेला सुताचा गुंडा दिसतो तो हाच. मशीन पुसायला, हात पुसायला सुती वेस्टसारखं दुसरं काही नाही. का? तर सूत तेल पितं. पॉलिस्टरचा बोळा तेल नुसता इकडून तिकडे करतो.

शोषून घेण्याचा हा एक गुण गेला आणि घरातल्या कपड्याचं अख्खं आयुष्यच मध्येच तुटलं. माझ्या आजीच्या घरात लुगडं नऊवारीचं नऊवारी कधी टाकलं जात नसे. मधोमध विरलं की दांड भरून दोन्ही काठ मध्ये आणायचे. तेही विरलं की त्यातून परकर, लहान मुलांची झबली, दुपटी. अगदी मऊ झालेला भाग बाळंतिणीसाठी राखून ठेवायचा. बाकीच्याची वाकळ, म्हणजे गोधडी. वाकळ शिवायला बायका उन्हाळ्यात बसायच्या. खाली एक लुगडं अंथरून त्यावर जुन्या कपड्यांचे थर लावायचे, वर दुसरं लुगडं, आणि कडेकडेने धावदोरा घालत मध्याकडे यायचं. कोपऱ्याला रंगीत तुकडे. आजीची वाकळ मी उसवून बघितली आहे, तिला नवा थर द्यायचा होता म्हणून. वरच्या लुगड्याच्या आत दुसरी जुनी वाकळ निघाली, आणि तिच्या आत आजोबांच्या सदऱ्याची बाही, तिचं बटणाचं काज तसंच. वाकळ पार गेली की पोतेरं व्हायचं. शेणाने जमीन सारवायला तेच लागायचं. पोतेऱ्याच्या चिंध्या चुलीत किंवा उकिरड्यात, आणि उकिरड्यातून शेतात.

ही साखळी कुणी पर्यावरणासाठी बांधली नव्हती. गरिबी होती, कापड महाग होतं, आणि बायकांचे कष्ट फुकट धरलेले होते. ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. धावदोरा घालून आजीची बोटं वाकडी झालेली मी पाहिली आहेत. पण प्रत्येक टप्प्याला कापड पुढच्या कामाला योग्य होतं ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. आज बोहारणीकडे जाणाऱ्या गाठोड्यात बहुतेक साड्या पॉलिस्टरच्या असतात. त्यांची वाकळ होते, अजूनही बायका करतात, रंग सुरेख दिसतात, पण ती वाकळ घाम पीत नाही. पोतेरं तर होतच नाही. पाणी शोषत नाही ते फडकं काय पुसणार? शेवटी उकिरड्यात गेली तरी ती कुजत नाही, बारीक तंतू होऊन मातीत राहते. आणि टेरिकॉट, म्हणजे सूत आणि पॉलिस्टर एकत्र कातलेलं कापड, हे तर दोन्हीकडून गेलं. त्यातलं सूत वेगळं काढणं आजही अवघड आणि खर्चिक आहे. त्यात लवचिकपणासाठी इलास्टेन घातलं की आणखी अवघड. जीन्ससुद्धा आता त्यातून सुटलेली नाही.

म्हणून "काळजी करू नका, रिसायकल होतं" हे वाक्य ऐकलं की मला थांबवावंसं वाटतं. एलेन मॅकार्थर फाउंडेशनच्या त्याच अहवालानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी पुन्हा कपडा होऊन येणारा माल एक टक्काही नाही. बाकीचा जाळला जातो, पुरला जातो, किंवा खालच्या दर्जाच्या वस्तूंत जातो. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांचं सूत करून घोंगड्या-ब्लँकेट करण्याचा मोठा उद्योग आहे आणि ते काम मोलाचं आहे, पण तिथेही वस्तू एकदोन पायऱ्या उतरतेच. शेवटचा टप्पा सुधारायला हवा, जरूर. पण सुरुवात शेवटापासून करून भागणार नाही.

युरोपने हे ओळखलेलं दिसतं. तिथे 2024 मध्ये वस्तूंच्या रचनेबद्दलचा नवा नियम लागू झाला. वस्तू टिकाऊ आहे का, दुरुस्त होते का, तिच्यात काय काय आहे, याची माहिती वस्तूबरोबरच डिजिटल पासपोर्टच्या रूपात देणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक होणार आहे. न विकलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करण्यावर मोठ्या कंपन्यांना जुलै 2026 पासून बंदी, हेही त्याच नियमात. फ्रान्सने 2023 च्या नोव्हेंबरपासून कपडे आणि बूट दुरुस्त करून घेणाऱ्याला बिलात सवलत द्यायला सुरुवात केली, कामाप्रमाणे 6 ते 25 युरो. मला यातली फ्रान्सची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात पैसा दुरुस्ती करणाऱ्याच्या दिशेने वळतो.

आपल्याकडे लिडकॉमने, म्हणजे महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने, 2025 मध्ये मानांकित कोल्हापुरीवर क्यूआर कोड आणला. मोबाईल धरला की कारागिराचं नाव, जिल्हा, वापरलेला माल कळतो. अस्सल-नकल ओळखायला फार उपयोगी आहे आणि कारागिराचं नाव गिऱ्हाइकापर्यंत जातं याचा मला आनंद आहे. फक्त त्या पानावर आणखी एक ओळ हवी: हा जोड कुठे दुरुस्त होईल आणि किती रुपयांत.

कारण खरी गाठ तिथे आहे. मामांच्या सूनबाई वेणी घालतात. पट्ट्यावरची ती बारीक चामड्याची वेणी बहुतेक घरांत बायकाच घालतात, स्वयंपाक आवरून, पोरं शाळेत गेल्यावर, नगाप्रमाणे पैशांवर. त्या मला म्हणाल्या, "ताई, नव्या जोडाची वेणी घातली तर पैसं ठरलेलं असत्यात. जुन्या जोडाची सुटलेली वेणी परत घालायला जास्त वेळ लागतोय, जुनं चामडं मऊ करायचं, तुटलेलं शोधायचं. पण त्येला कोण काय देत न्हाई. म्हणत्यात, एवढंसंच तर हाय." मामांचा मुलगा एमआयडीसीत कामाला जातो. नातू शिकतोय आणि या धंद्यात येणार नाही, त्याने यावं असं घरात कुणाला वाटतही नाही. हे बरोबरच आहे. जे काम करून घर चालत नाही ते टिकवण्याची जबाबदारी त्याच घरावर टाकायचा आपल्याला काय अधिकार? टाका कितीही उसवता येणारा असला, तरी उसवून परत घालणारा माणूस उरला नाही तर कोल्हापुरीही त्या फोमच्या बुटासारखीच एकदा वापरून टाकायची वस्तू होईल. दुरुस्तीचे पैसे मोजताना आपण मटेरियल मोजतो: एवढीशी वादी, चमचाभर तेल. जे घेतो ते मात्र कारागिराचा तासभर वेळ आणि तीस-चाळीस वर्षांची नजर असते.

चप्पल लाईनमधल्या एका दुकानदारांशी गेले काही दिवस यावर बोलणं चाललं आहे. त्यांचं म्हणणं सरळ आहे: जुने जोड घ्यायला आमची ना नाही, गिऱ्हाईक परत दुकानात येतंय तर चांगलंच, पण सुभाषनगरला नेण्या-आणण्याचा खर्च कुणी करायचा आणि दर कसा धरायचा? मामांचं म्हणणं, तासाचा हिशेब धरा, कारण दोन जोड कधी सारखे झिजत नाहीत. दुकानदार म्हणतात नगाचा धरा, गिऱ्हाइकाला आधीच आकडा सांगता आला पाहिजे. मधला मार्ग म्हणून टाच, अंगठा, तळ आणि वेणी असे चार दर वेगळे लावायचं सुचलं आहे. त्यातला वेणीचा दर सूनबाईंना विचारून ठरवायचा, आणि तो त्यांच्याच हातात द्यायचा, एवढ्यावर सगळे तयार झालेत. बाकीचे तीन दिवाळीच्या आत ठरले, तर यंदाच्या नव्या जोडाच्या पावतीमागेच ते छापून द्यायचे आहेत.